एक ते पाच

कुलसचिवांच्या कचेरीतून प्रश्नावली आली:
बेचाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन,
'मुळीच नाही'पासून 'नेहमीच'पर्यंत.
विभागवार संघर्ष मोजा, म्हणाले,
सरासरी काढा, सत्र संपण्याआधी अहवाल द्या.

मी गेले मत्स्यविज्ञान विभागात.
केप कोस्टहून तासाभरावर, किनाऱ्यालगतची इमारत,
खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेले.
मंगळवार होता. मंगळवारी इथे कोणी होडी लोटत नाही,
समुद्राला सुटी असते;
वाळूत बसून माणसं जाळी सांधत होती.

डॉ. आर्कोर्फुल यांनी सगळीकडे 'एक'वर खूण केली.
डॉ. अमिसाबाईंनीही सगळीकडे 'एक'.
कमालीचं एकमत.
दोघांची दारं समोरासमोर,
आणि नऊ वर्षांत साधा नमस्कारसुद्धा
इकडून तिकडे गेलेला नाही.
एक ते पाचच्या पट्टीत
छत्तीसचा आकडा कुठे बसवायचा?

एबो एशुन, प्रयोगशाळेतला हरकाम्या.
त्यानं प्रश्नावली उलटी करून बघितली,
मागची बाजू कोरी होती, ती त्याला आवडली.
मग मला शीतपेटी उघडून दाखवली.
आत मधोमध लाल चिकटपट्टी:
डावीकडे यांची तारली, उजवीकडे बाईंची.
"पट्टी दर महिन्याला सरकते," तो म्हणाला,
"रात्री मी ती मूळ जागी आणून ठेवतो.
दोघांनाही वाटतं, समोरच्यानं माघार घेतली."

या कामाचा त्याला भत्ता नाही.
नियमावलीच्या सातव्या प्रकरणात
तक्रार निवारण समिती आहे.
तिची शेवटची बैठक
अध्यक्ष कोणी व्हायचं, या वादात उधळली.

भांडण कशावरून?
कोणी म्हणतं, शोधनिबंधावरच्या नावांचा क्रम.
कोणी म्हणतं, दोघांचा मिळून एक विद्यार्थी होता,
हुशार, किरकोळ अंगाचा;
त्याला दोघांनी दोन बाजूंनी ओढला
आणि तो शिवणीत उसवला.
आता टेमा बंदरावर कंटेनर मोजतो म्हणे.
त्याच्यासाठी प्रश्नावलीत ओळ नाही.
जे उरले, त्यांनाच विचारायचं असतं.

जूनमध्ये एका रात्री वीज गेली.
जनित्रात डिझेल नव्हतं,
त्यावर वित्त विभागाशी निराळाच वाद चालू होता.
दोन वाजता एबोनं दोघांना फोन केला,
दोघांना तेच सांगितलं: "फक्त तुमचेच नमुने वाचवतोय."
ते आले अंगावर घरचंच कापड गुंडाळून,
बाई आल्या डोक्याला फडकं बांधून.
बर्फाच्या पेट्या. एकच टॉर्च.
पहाटेपर्यंत तीन शब्द बोलले गेले:
"धरा." "इकडे." "सांभाळून."
कोणाचे मासे कोणाच्या पेटीत गेले
ते भिजून पुसट झालेल्या चिठ्ठ्यांना ठाऊक.

पुढच्या आठवड्यात लाल पट्टी पुन्हा लागली.
मी मुद्दाम फूटपट्टी घेऊन गेले:
दोन सेंटिमीटर डावीकडे.
एबो हात पुसत म्हणाला,
"या वेळी मी नाही हलवली."

अहवालात विभागाची सरासरी एक पूर्णांक शून्य.
सगळ्या विद्यापीठात सर्वांत शांत.
कुलसचिवांनी अभिनंदनाचं पत्र काढलं,
दोघांना मिळून एकच प्रत,
आणि ती आधी कोणाच्या टेबलावर ठेवायची
हे विचारायला शिपाई
माझ्या दारात उभा आहे.