टॅग एकशे सतरा

पहाटे तीन वाजून चार मिनिटांनी
यंत्र पुन्हा पडलं.
पडताना नेहमीचीच बडबड:
सोळा रजिस्टरं, एक पत्ता, पत्त्यावर कुणी नाही,
आणि खालून वर वाचायची ती नावांची उतरंड
जिच्या तळाशी दर वेळी
काहीच काम नसलेला एक सीपीयू
निवांत बसलेला असतो.

बाहेर शिनचूचा वारा, नवव्या महिन्यातला,
पार्किंगचे पत्रे वाजवत होता.
रॅकच्या डोक्यावर शू-फेननं ठेवलेली
मक्याच्या खाऊची हिरवी पुडी.
हिरवीच लागते. पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं म्हणे,
मुदत संपली तरी रुसतं.
मी पुडी उलटी करून तारीख पाहिली.
फेब्रुवारीपर्यंत होती.
म्हणजे दोष पुडीचा नाही.

नऊ दिवस झाले.
कधी सहा तासांनी, कधी चाळीस.
काय चाललंय ते छापायला एक ओळ घातली
की पडायचं थांबतं,
ओळ काढली की तासाभरात आडवं.
पाहुणे असेतो शहाणं वागणारं पोर.

चौसष्ट रांगा. प्रत्येक कोअरला स्वतःची.
कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही, कुलूप नाही,
विनंती टाकायची, टॅग घ्यायचा,
दवाखान्यातल्या नंबरासारखा,
उत्तर आलं की नंबर परत पेटीत.
जाहिरातीत आम्ही हेच मोठ्या अक्षरांत लिहितो.

दहाव्या रात्री सापडलं.
तीस सेकंद डिस्क बोलली नाही
म्हणून आम्ही तिला मेलेली धरली,
कंट्रोलरला रीसेट दिला,
एकशे सतरा नंबरची विनंती मोडीत काढली,
तिची जागा पुसून दुसऱ्याला दिली.
आणि सात मायक्रोसेकंदांनी
एकेचाळिसाव्या रांगेवर
डिस्कचं उत्तर आलं.
बरोबर उत्तर. चार हजार शहाण्णव बाइट, एकही कमी नाही.
वरातीमागून घोडं.
पण घोडं प्रामाणिक,
मोडलेल्या मांडवात थेट घुसलं
नि विचारू लागलं, नवरा कुठाय?

रीसेटच्या फंक्शनमध्ये,
जिथं थांबायला हवं होतं नेमकी तिथंच,
बारा वर्षांपूर्वीची टिप्पणी:
इथे थांबायची गरज नाही. — फान.

शनिवारी स्कूटर काढून शिनपूला गेले.
निवृत्त झाल्यापासून फान साहेब
भावाच्या आवारात पर्सिमन वाळवतात.
बांबूच्या सुपांवर हजारो नारिंगी तोंडं वाऱ्याकडे.
चष्मा वर सरकवून, चिकट बोट काचेला न लावता
त्यांनी माझ्या फोनवर स्वतःची ओळ वाचली.
मग पुन्हा एकदा.
"यी-रू," ते म्हणाले,
"माझ्या वेळी रांग एकच होती."
आणि एक फळ माझ्या तळहातावर ठेवलं.
दाबायचं असतं, हलक्या हातानं, रोज,
घाई केली तर आतून तुरट राहतं.
यातून त्यांना मला काही शिकवायचं होतं असं नाही.
पुतण्या गावाला गेला होता,
त्यांना दोन हात कमी पडत होते.
चार सुपं दाबून झाल्यावर त्यांनी मला सोडलं.

पॅच दोन ओळींचा.
सगळ्या रांगा थांबवा.
ज्या कोअरवर कुणी उत्तर हातात घेऊन उभं असेल
त्याचं संपेपर्यंत वाट पाहा.
मगच जागा मोकळी करा.
टिप्पणी खोडली. कारणाच्या रकान्यात
"चूक" असं लिहिलं होतं, ते पुसून लिहिलं:
आता रांगा चौसष्ट आहेत.

त्या वाट पाहण्याच्या अवधीत
किती उत्तरं पोचतात हे मोजायला
एक काउंटर ठेवलाय.
रविवारी शून्य. सोमवारी शून्य.
मंगळवारी मला वाटू लागलं
आपण भलत्याच दारावर पहारा देतोय.
बुधवारी पहाटे: तीन.
तिन्ही घरी पोचली.

पुडी अजून फोडायची नाही, शू-फेन म्हणते.
फेब्रुवारी लांब आहे.