उजवी कड

शनिवारी आमच्या त्बिलिसीत
मेतेखीच्या कठड्यापाशी नवऱ्यांची रांग लागते.
खाली नदी, पलीकडे नारिकालाची तटबंदी,
आणि प्रत्येकीला तोच कोपरा हवा,
जिथून मोटारी दिसत नाहीत,
केबलकारची तार दिसत नाही,
दिसतं ते नुसतं जुनेपण.

चोवीस वर्षं मी हा कोपरा विकते आहे.
एका जोडप्याला वीस मिनिटं.
मग गंधकाच्या स्नानघरांचे विटांचे घुमट,
मग टेकडीवरचे ते प्रचंड काळे खांब,
जिथे वारा जाळीची ओढणी उडवून नेतो
आणि वाखो हातातला रिफ्लेक्टर टाकून तिच्यामागे धावतो.

मेतेखीला उजव्या हाताला, भिंतीला टेकून,
दारेजान बसायची.
उलटा क्रेट, त्यावर उशी,
आणि काठीला टांगलेल्या चुर्चखेला.
अक्रोड दोऱ्यात ओवायचे,
आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायचे, वाळवायचे.
लांबून मेणबत्त्यांचा घोस वाटावा.
जवळून, नेस्तानची आई म्हणाली तसं,
"ही सॉसेजं फोटोत नकोत."

नकोत तर नकोत.
मी म्हणायचे, आजी, जरा सरकता का?
ती वीतभर सरकायची.
त्या गुडघ्यांना वीतभर म्हणजे किती,
हे मला कधी सुचलं नाही.
उरलेली ती मी रात्री घरी कापायचे:
कोपर, काठी, कधी लोकरी मोज्याचं टोक.
एक बोट सरकवलं की भिंत स्वच्छ.

फोटो संपले की ती नवरीला हाक मारायची.
"ये, खा. सकाळपासून पोटात काही नसेल."
नसायचंच.
पांढऱ्या पोशाखावर डाग नको म्हणून
मान पुढे काढून, कोंबडीसारख्या,
नवऱ्या भराभर खायच्या.
पैसे ती घ्यायची नाही.
कॅमेरा तेव्हा माझ्या पोटावर लोंबत असायचा, बंद.

मार्चमध्ये तिचा नातू आला, बेसो. टोपी हातात.
घरात तिचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा,
त्यात ती कारकुनावर चिडलेली.
"थडग्याच्या दगडावर चेहरा कोरायचाय.
तुमच्याकडे असेलच.
इतकी वर्षं तुमच्यासमोर तर बसायची."

समोर नाही रे, कडेला,
हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

तीन रात्री जुन्या डिस्का उघडल्या, न कापलेल्या.
दोन हजार सहा: कोपर.
दोन हजार अकरा: पाठ, पाऊस, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.
मधोमध जोडपी, हसरी, मी सांगितलं म्हणून हसरी.
काही आता वेगळी राहतात.
एकीचं नाव दोनदा सापडलं, नवरे दोन,
कठडा तोच.

चौथ्या पहाटे नेस्तान.
कॅमेऱ्याची नजर चुकली होती.
नवरानवरी म्हणजे धुक्यातले दोन डाग,
आणि उजव्या कडेला, लख्ख, दारेजान,
चुर्चखेलाचा दोरा दातानं तोडताना,
डोळे नवरीवर,
जशी सुईण पोट बघते तसे.
त्या फ्रेमवर माझीच लाल फुली होती.
वाया गेलेली.

बेसोनं फोन केला.
"कोरणारा विचारतोय, हातातलं काढू का?
दगडावर ते सॉसेजसारखं दिसेल."
म्हटलं, दिसू दे.

आज शनिवार. भिंत मोकळी.
वाखो म्हणतो, बरं झालं, फ्रेम छान मिळते.
नवरी कठड्याशी उभी, हनुवटी वर,
मी शिकवलं तशी.
मी कॅमेरा डोळ्यापासून काढते,
विचारते, काही खाल्लंस का?
ती आईकडे बघते. आई घड्याळाकडे.
मी खिसे चाचपते, मग बॅग.
लेन्सच्या कप्प्यात बिस्किटांचा अर्धा पुडा आहे,
तोही मऊ पडलेला.