पणचा डबा

बालवाडीतल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या.
तवनाप्पा बसले तेव्हा गुडघे कानाशी आले
आणि मला हसू फुटलं.
(नाव घ्यायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलंय.
जीभ अजून अडते.)
दीड वर्षात त्यांच्यासमोर पहिल्यांदा हसले,
लगेच पदर तोंडाला लावला, सवयीनं.

सहा जोडपी. तीन वरच्या आळीची, तीन मशिदीमागची.
दर गुरुवारी मिरजेहून वनमालाताई येतात,
सोबत त्यांचे मालक, एसटीतून निवृत्त.
चहा तेच करतात, कप तेच विसळतात.
पहिल्या दिवशी आम्हा बायकांचं निम्मं लक्ष तिकडंच.

भांडण गावचं होतं. एका फलकावरून पेटलं,
कुणी फाडला ते अजून ठरलेलं नाही.
दोन दिवस दगड, मग नऊ दिवस संचारबंदी.
पेपरात आलं : दूध नाही, दुकानं बंद,
चौकात पोलिसांची गाडी.
कड्यांच्या आत काय चाललं ते आलं नाही.
दहाव्या दिवशी गल्लीतली उठली.
आमच्या घरातली कुणी उठवलीच नाही.

मिरजेच्या दवाखान्यात मी म्हटलं, मोरीत घसरले.
शेजारच्या खाटेवर मेहमूदा. तिनंही मोरीच सांगितली.
नर्स लिहिता लिहिता म्हणाली,
तुमच्या गावच्या फरश्या फार गुळगुळीत दिसतात.
आम्ही दोघी भिंतीकडं बघत राहिलो,
आपापल्या भिंतीकडं.

आता ती समोर बसलीय, दस्तगीरशेजारी.
दस्तगीरचं पंक्चरचं दुकान जळालं
तेव्हा आमचे हे कुठं होते, मला ठाऊक आहे.
घरी आले तर हाताला रबराचा वास होता.
तोच हात. त्याच रात्री.

ताईंनी मधोमध तुपाचा रिकामा डबा ठेवला
आणि पटांगणातले खडे, ज्याला त्याला मूठभर.
एकानं तीन मिनिटं बोलायचं. दुसऱ्यानं ऐकायचं,
मग ऐकलेलं परत सांगायचं,
'पण' न म्हणता.
'पण' आलं की एक खडा डब्यात.
हात उचलला हे खरं, पण. ठण्ण.
आधी तोंड हिनं उघडलं, पण. ठण्ण.
कामधंदा बुडाल्यावर माणसाचं डोकं,
पण मी काय म्हणतो, पण. ठण्ण ठण्ण.
ह्याच पटांगणातून तेव्हा दगड उचलले होते.
कुणी तसं बोललं नाही. डबा भरत राहिला.

चौथ्या गुरुवारी फळ्यावर माणूस काढला.
राग कुठून उठतो तिथं टिंब द्या.
कुणी कपाळावर दिलं, कुणी छातीवर.
दस्तगीरनं गुडघ्यावर दिलं.
"पळताना लटलटत होते," तो म्हणाला,
"घरात आल्यावर हिला ते दिसू द्यायचं नव्हतं."
तवनाप्पांच्या बोटांत खडू बराच वेळ तसाच.
मग तळहातावर टिंब दिलं,
आणि त्याच्याकडं न बघता, माझ्याकडंही न बघता, म्हणाले,
"मी होतो तिथं."

मी 'पण'ची वाट बघत होते.
आलं नाही.

दस्तगीर उठून बाहेर गेला. मेहमूदा बसून राहिली.
चहावर साय धरली.
पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही.
त्याच्या पुढच्या आला, दारापाशी बसला,
चपला पायातच.

परवा रात्री आमटीला मीठ नव्हतं.
हे उठले. मी भिंतीला लागले.
ते अनवाणीच बाहेर गेले, हापशापर्यंत.
बराच वेळ आवाज येत होता,
पाणी नसलेला हापसा हापसत होते.
आत आले, मिठाची बरणी स्वतः काढली.
लेक जागी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

बरं वाटलं का, ताई विचारतात.
काय सांगू.
ज्वारीच्या कणगीमागं एक पिशवी आहे :
लेकीचा दाखला, दवाखान्याचा कागद,
माहेरच्या गाडीपुरते पैसे.
ती मी सोडलेली नाही.
रोज हात लावून बघते, आहे ना.
काल वाटलं, गाठ जरा सैल करावी,
पण

आणि माझ्याच मुठीतला एक खडा
मी डब्यात टाकला.