मीटर बंद

सायबर चौकात सकाळी साडेसातला उभी होती,
डोक्याला पिवळं फडकं, हातात वही.
भाऊ इथं फार्मसी शिकतो, त्याचा आज पेपर,
त्यानंच फोन केलेला: राजेखानमामा,
दीदीला गाव दाखवा, तिखटाचं जरा बघून.
न्याम्बुरा तिचं नाव, नैरोबीची.
धंदा विचारला तर हसली,
म्हणाली, तुमचाच.

झाली का पंचाईत.
साध्या पाहुण्यापुढं चार थापा खपून जातात,
गाइडापुढं गाइड म्हणजे
वस्तादापुढंच शड्डू.

महाद्वारात सांगितलं, वर्षातनं दोनदा
मावळतीचं ऊन दारातनं आत येतं
आणि आईच्या पायांवरनं वर चढतं.
आणि उरलेले दिवस? तिनं विचारलं.
उरलेले दिवस बल्ब की ओ, बाई.
तिनं तेवढंच वहीत लिहून घेतलं.

टाऊन हॉलात समुद्राचा देव बघितला,
ब्रह्मपुरीच्या मातीत सापडलेला, वीतभर, परमुलखातला.
खासबागेत रिकाम्या हौद्याच्या कडेला उभं राहून
तिनं हळूच काहीतरी म्हटलं
आणि पार वरच्या पायरीवर मला ऐकू आलं.
काय म्हणालासा? काही नाही, आवाज तपासला.
चप्पल लाईनीत मात्र तिनं भाव असा पाडला
की म्हादूनानांनी स्वतःहून चहा मागवला.

चहात बिस्कीट बुडवत तिनं तिचं गाव सांगितलं:
मी लोकांना आधी जुन्या इंजिनांच्या आवारात नेते.
ते रूळ तुमच्या देशातल्या माणसांनी टाकले.
रात्री तंबूतनं सिंह ओढून न्यायचे त्यांना.
पाहुणे विचारतात, सिंह किती होते, केवढे होते.
माणसांची नावं अजून कुणी विचारली नाहीत.
विचारली तर मलाही येत नाहीत.

न्यू पॅलेसात मी दरवेळी जरा गप्प होतो.
पेंढा भरलेली जनावरं, काचेआड काचेचे डोळे.
आमचं आडनाव चित्तेवान. लायसनवर वाचून पोलीस हसतात.
आजा दरबारी चित्ते सांभाळायचा,
बोटीनं आलेले, तिकडनंच कुठनंतरी,
डोळ्यांवर टोपडं बांधून बैलगाडीत बसवलेले,
माळावर काळवीट दिसेपर्यंत.
हे मी पाहुण्यांना सांगत नाही. तिलाही सांगितलं नाही.
कुणाचं काय कुणी आणलं, हिशोब कशाला काढा.

रंकाळ्यावर सूर्य टेकला. दोन कणसं भाजून घेतली.
रिक्षेच्या पाठीवर बोट फिरवत म्हणाली,
दिवसभर हिच्यात बसले, हे लिहिलंय काय?
घरातलं नाव हाय, म्हटलं. आजाच्या तोंडचं.
म्हातारपणी तिन्हीसांजेला खाटेवरनं
अंधाराकडं बघून हाक मारायचा.
मग बोकडाला तेच, सायकलीला तेच,
आता रिक्षा आणि मांजर. अर्थबिर्थ काय न्हाई.
वाचा ना.
दुमा.

कणीस तिच्या हातात तसंच राहिलं.
आमच्याकडं, ती म्हणाली, दुमा म्हणजे चित्ता.

म्हणजे बंदरावर पिंजरा ताब्यात देताना
कुणीतरी आजाला एवढा एक शब्द दिला असणार.
कोण, कुठला, काय त्याचं नाव,
दोघांनीही विचारलं नाही. विचारणार कुणाला.

पैशांवरनं वाद झाला. मी म्हटलं, मीटर बंद होतं.
ती म्हणाली, धंदेवाल्यानं धंदेवाल्याला फुकट फिरवू नये,
आणि नोटा सीटच्या फटीत कोंबल्या.

घरी आलो. ताटातलं बांगड्याचं डोकं बाजूला काढलं,
दारात उभा राहून अंधारात हाक मारली,
दुमा.
मांजरच आलं.