एमची पानं

ओनेझिम पेल्तिये. मेन राज्य, कागद गिरणी, रात्रपाळी.
घरात फ्रेंच, फाटकाबाहेर इंग्रजी.
शाळा सहावीत सुटली की त्यानं सोडली
यावर दोन्ही बहिणींचं अजून एकमत नाही.

पुरात भिजलेला शब्दकोश त्यानं लिलावात घेतला
पंचवीस सेंटला. एमची पानं अशी चिकटलेली
की सुरी घातली तर लगदाच हाती.
लगदा त्याला रोजचाच.

गिरणीनं नापास केलेल्या कागदावर,
बॉयलरच्या उबेला, पहाटे तीन ते चार,
अकरा वर्षं पहिली कादंबरी.
एमचा शब्द आला की स्पेलिंगची धास्ती.
मग दया म्हणायचं तिथं
त्यानं दार नुसतं लोटून ठेवलं,
आठवण म्हणायचं तिथं
खुंटीवर कोट, बाहीला ग्रीस.

न्यूयॉर्कच्या समीक्षकानं लिहिलं, केवढा हा संयम!
सिम इतका हसला
की डब्यातलं सूप बुटावर सांडलं.
पुढच्या चार कादंबऱ्यांतही तो संयम होता.
न्हावी एवढंच म्हणाला,
आपला पूल हिरवा आहे, तू करडा केलास.

मग प्रकाशकानं नवाकोरा शब्दकोश पाठवला.
मार्चपर्यंत तो खिडकीला टेकू होता.
एका रात्री त्यानं एम उभ्याउभ्या वाचून काढला,
कोटसुद्धा न काढता.

सहावीत ते सगळे शब्द आहेत.
आई तर पानोपानी.
समीक्षक म्हणाले, सैल. खपली नाही.

गावच्या लायब्ररीत तिच्या कार्डावर
माझ्याआधी एकच नाव आहे:
धाकटी बहीण. तीनदा नेलेली,
तिन्ही वेळा उशिराचा दंड भरून.