चार आकडे

सगळ्याची यादी झाली होती.
खातू वकिलांनी ती दोनदा वाचून दाखवली:
तिच्याकडे शिलाई मशीन, कपाट, जुई.
माझ्याकडे भाट्याची भाड्याची खोली, स्कूटरचे हप्ते,
आणि एक सोडून एक रविवार, दहा ते पाच, जुई.
गॅसचं कनेक्शन कुणालाच आठवलं नाही.

ते तिच्या नावावर.
एजन्सीच्या रांगेत तीच उभी होती,
मी तेव्हा मिरकरवाड्याला, बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.

आता सिलिंडर आला की पोरगा दारातून म्हणतो, कोड सांगा,
आणि कोड गेलेला असतो चिपळूणला,
तिच्या फोनवर, तिच्या भावाच्या घरात.
मी लिहितो: कोड.
ती पाठवते: ४४७१.
पुढे-मागे काही नाही.

त्याआधीचे सहा महिने
विचार करायला म्हणून कायद्यानेच दिलेले.
काय विचार करायचा ते कागदात नव्हतं.
मी लाद्या मोजल्या.
पाणी कडेकडेने गोठत आत जातं,
मधोमध एक पांढरी रेघ राहते, हवेची.
ट्रॉलरवाले म्हणतात, बर्फ कच्चा आहे.
कच्चा नसतो.

तारखेला ती एसटीने यायची.
एकदा कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घेतला दोघांनी.
चहावाल्याने सवयीने माझ्याकडे बघितलं,
तेवढ्यात तिने तिचे दहा रुपये काढून ठेवले, बशीखाली.
तेव्हा मला राग आला.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा,
दहा रुपयांवरून.

शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं, कुणाचा दबाव नाही ना?
ती म्हणाली, नाही.
मी म्हणालो, नाही.
आठ वर्षांत आमचं इतक्या पटकन कशावर एकमत झालं नव्हतं.

आई वाडीत सांगते, सुनेची बदली झाली.
सून नोकरी करत नव्हती हे वाडीला ठाऊक आहे.
वाडी विचारते, कुठे?
आई म्हणते, लांब.

बांगड्याचा वाटा चाराचा.
द्रौपदीकाकी काही न बोलता दोन पिशवीत घालते,
उरलेले दोन शेजारच्या वाट्यावर सरकवते,
आणि अर्धेच पैसे घेते.
कुणीतरी त्या दिवशी सहा बांगडे घेऊन घरी जातो,
नशीब म्हणत.

जुई येते तेव्हा मी पूर्ण वाटा घेतो.
गेल्या खेपेला काटे काढायला तिचं ताट ओढलं,
तर म्हणाली, मला येतं की.
मामीने शिकवलं.
आणि खरंच येत होतं तिला.
कणा एका बाजूने अख्खा सुटला.

एजन्सीतला तोडणकर म्हणतो,
निकालाची झेरॉक्स आणा, आधार आणा,
नाव बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम.
झेरॉक्स स्कूटरच्या डिकीत आहे,
गणपतीपासून.

तिघं होतो तेव्हा सिलिंडर दीड महिना पुरायचा.
एकट्याला चार महिने जातो.
चार महिने फार होतात.
रात्रपाळीहून येतो, बोटं वाकत नाहीत,
हीटर आहे तरी पातेलं चढवतो.
उकळी फुटते.
फुटू देतो.
खिडकीची काच धुरकटते, पलीकडे खाडी असते ती नसते,
मग कधीतरी बंद करतो.

परवा कोड आला. ९०१६.
मागोमाग आणखी एक:
इतक्यात संपला?

पोरगा दारात, सिलिंडर उंबऱ्यावर टेकवलेला.
मी लिहिलं, पाहुणे होते.
पुसलं.
लिहिलं, गळत होता बहुतेक.
तेही पुसलं,
कारण मग ती काळजी करेल,
किंवा करणार नाही.

दादा, कोड, पोरगा म्हणाला,
अजून मांडवीला जायचंय.