खिळ्याला टांगलेली वही

तीनशे पायऱ्या उतरल्या की ओढ्याकाठी
पत्र्याची खोली. आत एक चाक फिरतं,
फणसाएवढं, फार तर.
त्याच्यावर आमची त्रेसष्ट घरं,
भात सडायचं यंत्र, आणि दवाखान्यातला फ्रिज,
ज्यात लशी असतात, कधीकधी नर्सबाईंचे मासे.

दाराशी खिळ्याला वही. पेन दोरीने बांधलेलं,
कारण पेनं चोरीला जातात. वही जात नाही.

मी इंदुनाय. दर रविवारी प्रार्थना संपली की
चर्चच्या पायरीवर उभी राहून वाचते:
कुणाचे किती युनिट, कुणाचे किती पेसो थकले,
बेअरिंग कितीला पडलं, आणि ते आणायला गेलेल्या पुगोंगने
बसभाड्यावर दोन वाट्या नूडल्स खाल्ले, तेही.
लोक हसतात. पुगोंगही हसतो.

त्या ऑक्टोबरात, वादळानंतर,
चाक दमल्यासारखं फिरू लागलं.
दिवे पिवळे, मग तांबूस, मग नुसती तार तापलेली.
पट्टा बदलला. गाळ उपसला. आठवड्यात पुन्हा भरला.
म्हातारा दुल्नुआन म्हणाला,
"चाकाला काय विचारता? डोंगराला विचारा."

वर गेलो. धुक्यात अकरा बुंधे.
मुळं मेलेली, उतार सुटलेला,
झऱ्याच्या तोंडात लाल माती.
आणि नवी लाकडी जमीन कुणाच्या घरात आली
हे तर सगळ्यांनी बूट काढून पाहिलेलं.

रविवारी शेवटची ओळ त्यांची होती.
आवाज कापला माझा, खोटं कशाला सांगू,
हे काम मला त्यांनीच दिलेलं.
"कपितान लुनाग. झाडं अकरा. परवानगी नाही.
नियम चौथा: एका झाडाला दहा रोपं.
ती कमरेएवढी होईपर्यंत घराला वीज नाही."
चौथा नियम त्यांच्याच अक्षरात आहे.

एक कुत्रं तेवढं पायरीवरून उठून गेलं.
मग ते उभे राहिले, टोपी हातात.
"दहा? मी पाच लिहिले होते ना?"
जवळ आले. चष्मा लावला. पाहिलं.
दोरीचं पेन ओढून सही केली.

दोन वर्षं झाली. रात्री समोरच्या डोंगरावरून
बासष्ट दिवे मोजता येतात, मध्ये एक काळी खिडकी.
पाहुणे विचारतात, तिथे कुणी राहत नाही का?
राहतं. दिव्याखाली अंधार असतोच,
आमचा तारीख घालून लिहिलेला आहे.

काल रोपं मोजली. एकशे दहातली ब्याऐंशी जगली.
मेली त्यांच्या जागी नवी लावलीत त्यांनी, न सांगता.
सगळ्यात उंच आहे ते माझ्या गुडघ्याला लागतं.

परत निघताना त्यांची नात भेटली, चार वर्षांची.
रोपापाशी उभी राहिली, पोट आत घेऊन,
म्हणाली, "माझ्या कमरेला आलं."

कमर कुणाची, ते नियमात नाही.
वहीत लिहून ठेवलंय.
रविवारी वाचणार आहे.